खेळातली घिवली – भाग ५ : बोंबलाचा पत्ता

गेल्या आठवड्यात आपण ‘स्टारड्यू व्हॅली’साठी बोंबलाचं १६ बाय १६ पिक्सेलचं चित्र काढलं. घिवलीच्या किनाऱ्यावर बोंबील ज्या बांबूच्या वलांडीवर वाळतात, ती वलांडीही काढली. आता वलांडीने बोंबील ओळखायला हवा, आणि त्यासाठी गेमला त्याचा नेमका पत्ता द्यावा लागतो. नव्याने मॉड करणारे सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून आजचा भाग सावकाश वाचा.

एरिक बॅरोनने २०१६ साली हा गेम आणला तेव्हा वस्तूंना नुसते आकडे होते. २४ म्हणजे पार्सनिप हा कंद. पण यंत्रांची यादी वेगळी, आणि तिच्यातला २४ म्हणजे मेयोनीज करायचं यंत्र! तलाठ्याकडे नुसता गट नंबर सांगून सातबारा मिळत नाही, गावही सांगावं लागतं, तसंच हे. गेममध्ये गावाचं काम कंसातली अक्षरं करतात. साध्या वस्तूंना ओ, मोठ्या यंत्रांना बीसी, फर्निचरला एफ. म्हणजे (ओ)२४ हा कंद आणि (बीसी)२४ हे यंत्र. फाइलमध्ये मात्र अक्षरं आणि आकडे रोमनच टंकायचे, मध्ये जागा न सोडता.

मॉडमधून आलेल्या वस्तूंचे हाल याहून वाईट होते. ‘जेसन ॲसेट्स’ हे साधन त्यांना रिकामे आकडे वाटून द्यायचं. मॉड वाढले किंवा काढले की कधी कधी वाटणी बदलायची आणि पेटीत जपून ठेवलेली वस्तू भलतीच होऊन बसायची. मार्च २०२४ मध्ये आलेल्या गेमच्या १.६ आवृत्तीने आकड्यांची सक्ती संपवली. आता ओळख शब्दांत देता येते. माझ्या मते मॉडवाल्यांसाठी त्या आवृत्तीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

तेव्हा आपल्या माशाची ओळख नुसती ‘बोंबील’ ठेवू नका. उद्या सातपाटीच्या कुणी त्याच नावाचा मासा केला, तर दोन्ही एकमेकांवर आदळतील. ‘कंटेंट पॅचर’ या साधनात दुहेरी महिरपी कंसात मॉडआयडी लिहायचं, मग अधोरेषा, मग बोंबील. तुमच्या मॉडचं स्वतःचं नाव तिथे आपोआप बसतं.

आता वलांडी. यंत्रांच्या यादीत तिचा नियम लिहिताना दोन वाटा असतात. ‘आवश्यक वस्तू’च्या रकान्यात बोंबलाची पूर्ण ओळख द्या, ओ कंसासकट, वलांडी फक्त बोंबील घेईल. किंवा ‘आवश्यक टॅग’मध्ये मासे हा सगळा वर्गच द्या, मग सार्डिन, ट्यूना, अगदी गेममधला दुर्मीळ ‘लेजंड’सुद्धा तिच्यावर टांगता येईल. गेममधल्या माकी रोलच्या कृतीत कुठलाही मासा चालतो, तिथे वर्ग देणंच बरोबर. आपल्याला किनाऱ्यावरची खरी वलांडी हवी आहे, म्हणून मी पहिली वाट धरायला सांगेन. सुका बोंबील ही वेगळी वस्तू, तिची ओळखही वेगळी.

एक खाच मात्र ध्यानात ठेवा. वस्तूंच्या यादीत बोंबलाची नोंद करताना पुढे कंस लावायचा नाही. ती यादीच साध्या वस्तूंची आहे. यंत्राचा नियम, दुकान, समुद्रातल्या माशांची यादी, अशा ठिकाणी कुठल्याही प्रकारची वस्तू येऊ शकते, तिथे कंस लावा. मासा मिळतो पण वलांडी तो घेत नाही, असं झालं तर आधी हाच कंस तपासा.

आणि खेळणाऱ्याला दिसणारं नाव हवं तेव्हा बदला, आतली ओळख नको. सेव्ह फाइलमध्ये ओळखच साठवलेली असते. ती बदललीत, तर आधी पकडलेल्या बोंबलाच्या जागी ‘एरर आयटम’ दिसेल.

पुढच्या भागात बोंबील समुद्रात सोडू. गेमच्या वर्षात २८ दिवसांचे चार ऋतू आहेत, पावसाळा असा नाहीच. आपल्याकडची १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी त्यात कशी बसवायची, ते तेव्हा पाहू.