लाकडाची कैफियत

भरीव लाकडाची एक फळी, तिला जोडलेली लांब दांडी आणि तिच्यावरून ताणलेल्या चार जाड तारा एवढाच ज्याचा संसार, त्या बेस गिटारच्या एका नगास काहीशे डॉलर पडावेत आणि दिसण्यात जवळजवळ त्याच्या जुळ्या भावासारख्या असलेल्या दुसऱ्या नगास कित्येक हजार, ही बाब कोणाही हिशेबी गृहस्थास संशयास्पद वाटल्यावाचून राहणार नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ विक्रीस काढला, तो कारखान्यात सुटे भाग स्क्रूंनी जुळवून तयार होणारा माल होता. पुढे त्याच राज्यात अलेम्बिक या कंपनीने आणि १९८३ पासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात फोडेरा या कंपनीने हेच वाद्य जवाहिऱ्याच्या निगुतीने घडविले, आणि वाढीव किमतीच्या बदल्यात पदरात नेमके काय पडते हा वाद आजतागायत मिटलेला नाही.

विक्रेत्याच्या कैफियतीत पहिली साक्ष बहुधा लाकडाची असते. दांडीस मेपल, फळीस अ‍ॅश किंवा ऑल्डर, आणि ज्या पट्टीवर बोटे फिरावयाची तिला शिसवी, अशी नामावळी तो आदराने वाचून दाखवितो. (आजोबांच्या कपाटाचे शिसव येथे स्वरमाधुर्याचे तारण म्हणून रुजू झालेले पाहून मौज वाटते.) परंतु ही साक्ष तपासताना वाद्याची जात विसरून चालत नाही. मिरजेच्या तंबोऱ्यात तारेचे कंपन घोडीवाटे तबलीत व भोपळ्यात उतरते आणि तेथून हवेत पसरते. एकट्या तारेस पुरेशी हवा हलविता येत नाही, म्हणून तेथे लाकूड आणि भोपळा हाच वाद्याचा कंठ होय. विजेवर वाजणाऱ्या बेसचे तसे नाही. तिच्या तारांखाली चुंबक आणि त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची लोहयुक्त तार हलली की चुंबकीय क्षेत्र डळमळते आणि वेढ्यांत वीज उपजते. फॅरडे यांनी १८३१ साली दाखविलेले प्रवर्तन ते हेच. पिकअप नावाच्या या श्रोत्यास तारेच्या हालचालीखेरीज फारसे काही ऐकू येत नाही.

तेव्हा या वाद्यात लाकडाजवळ देण्यासारखे थोडेच. घेण्याची शक्ती मात्र त्याच्या ठायी पुरेपूर आहे.

पडद्यावर तार दाबली म्हणजे तिचे एक टोक दांडीवर विसावते. दांडी सर्वस्वी अचल असती तर तारेची ऊर्जा सावकाश झिजली असती आणि, गवयांच्या भाषेत बोलावयाचे तर, स्वराची आस लांबली असती. परंतु सुमारे ८६ सेंटिमीटर लांबीच्या तारा पेलणारी ही दांडी स्वतःच एखाद्या लवचिक तुळईप्रमाणे कंप पावते, तिलाही स्वतःच्या स्वाभाविक कंपनसंख्या असतात, आणि ज्या स्वराची कंपनसंख्या त्यांपैकी एकीशी जुळेल त्या ठिकाणी ती तारेची ऊर्जा ओढून घेते, इतकी की शेजारचे स्वर निवांत रेंगाळत असताना तो एकटा उमटतो न उमटतो तोच विझतो. वादक त्यास ‘डेड स्पॉट’ म्हणतात. फेंडर धर्तीच्या बेसवर तो बहुधा सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या सुमारास, म्हणजे १३१ ते १४७ हर्ट्झच्या दरम्यान, आढळतो. हेल्मुट फ्लायशर आणि टिलमन झ्विकर या जर्मन संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस विद्युत गिटारच्या दांडीची कंपनक्षमता मोजून हा कार्यकारणभाव उलगडला. दांडीच्या माथ्याशी वजन अडकविल्यास दांडीची कंपनसंख्या उतरते आणि मृत जागा दुसऱ्या स्वरावर सरकते. चोर गाव सोडीत नाही, घर तेवढे बदलतो. खरा इलाज दांडी ताठ करण्याचा, आणि त्यासाठीच कोणी लाकडाच्या अनेक पट्ट्या एकमेकींस चिकटवितो, तर कोणी १९७० च्या दशकापासून कार्बनतंतूंची दांडी घडवितो. किमतीतील तफावतीस शास्त्राचा आधार मिळतो तो येथे. पण एकाच झाडाचे दोन तुकडेही सारखे नसल्यामुळे किंमत काही जामीन राहत नाही. म्हणून दुकानात पाठ केलेली गत वाजवून दाखविण्यापेक्षा बारीक तारेवर एकेका पडद्यास एकेक स्वर छेडून तो किती वेळ टिकतो हे पाहावे.

लाकडाच्या जातीविषयी तर अधिकच सावध असावे. लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केवळ पाठीच्या व बाजूंच्या लाकडात भिन्न असलेल्या सहा ध्वनिक गिटारी ५२ वादकांस मंद उजेडात, डोळ्यांस काळा चष्मा चढवून, वाजवावयास दिल्या. महागड्या आणि स्वस्त लाकडांस मिळालेले गुण जवळजवळ सारखेच निघाले. जेथे लाकूड खरोखर बोलते तेथे ही कथा, मग भरीव फळीने कोणता तोरा मिरवावा?

उरतो तो कारागिराचा वेळ. पडद्यांची टोके घासून बोटास न टोचणारी करणे, त्यांचे माथे इतके समपातळीत आणणे की तार खाली बसवूनही ती कोठे खरखरू नये, या कामास तास लागतात. हा खर्च मी वाजवी मानतो. मात्र स्थानिक कारागिराकडून स्वस्त वाद्यावरही त्यातील बराच भाग साधता येतो, हे विक्रेता आपण होऊन सांगत नाही. तारांचा नवा संच तर लाकडाच्या साऱ्या नामावळीहून अधिक फरक घडवितो, कारण जुन्या तारेतून वरचे उपस्वर आधी लोप पावतात.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातील गीतांत बेसवादक जेम्स जेमरसन यांनी ज्या नादाने पिढ्यान्‌पिढ्यांचे वादक घडविले, तो १९६२ सालच्या, कारखान्यातून निघालेल्या साध्या प्रिसिजन बेसचा होता. तिच्यावरील सपाट वेढ्यांच्या तारा ते तुटल्याखेरीज सहसा बदलीत नसत; आणि जी आस लांबविण्यासाठी आज लोक हजारो डॉलर मोजतात, ती त्यांच्या वाद्यात घोडीजवळच्या झाकणाखाली दडलेला फोमचा एक तुकडा मुद्दाम आखडती करीत असे.