चाकाच्या पोटातले ग्रीस

२६ जुलै २००५ चा पाऊस उपनगरातल्या कोणत्याही घराने विसरलेला नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुर्ल्यात आमच्या इमारतीखाली उभी असलेली अब्बांची १९७४ ची पद्मिनी खिडकीपर्यंत पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर गाडी गॅरेजमध्ये नेली. इंजिनाचे ऑइल बदलले, सीटा नव्या झाल्या आणि बिलात ‘चारही चाके ग्रीसिंग’ असेही लिहून आले. आम्ही निर्धास्त झालो.

पुढे जानेवारीत बकरी ईदसाठी महाडकडच्या गावी निघालो. अब्बा गाडी चालवत होते, अम्मी पुढे, आम्ही तिघे भावंडे मागे आणि मांडीवर मिठाईचे डबे. पनवेल सोडल्यावर पुढच्या डाव्या चाकातून घरघर येऊ लागली. गाडीचा वेग वाढला की आवाज वाढे. उजवीकडच्या वळणावर तर तो जास्तच होई. अब्बा म्हणाले, “टायरचा असेल.” वडखळला चहासाठी थांबलो तेव्हा त्या चाकातून जळका वास येत होता. अब्बांनी मधल्या टोपीला बोट लावले आणि झटकन मागे घेतले.

नाक्यावरच्या मिस्त्रीने टोपी काढली. आत पिवळेधमक, ताजे ग्रीस होते. त्याने चाक उतरवून हब बाहेर ओढला तेव्हा खरी गोष्ट कळली. आतल्या बेरिंगवर दुधाळ, चहासारखा चिखल होता आणि रोलर निळे पडले होते. “टोपी भरली, बेरिंग कुणी उघडलंच नाही,” तो म्हणाला. “अजून थोडं गेला असता तर चाक धरून बसलं असतं, नाहीतर निखळून गेलं असतं.” अम्मीने आमच्या तिघांकडे पाहिले आणि काहीच बोलली नाही. ईदची नमाज त्या वर्षी आम्ही गावच्या मशिदीत नाही, वाटेतल्या एका मशिदीत पढलो.

तेव्हापासून हे काम आमच्या घरात आम्ही स्वतः करतो, किंवा मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून करून घेतो.

बेरिंगचे काम साधे आहे. चाक फिरते, आस स्थिर राहते आणि दोघांच्या मध्ये पोलादी रोलर किंवा गोट्या लोळतात. निमुळत्या रोलरच्या बेरिंगचे पेटंट हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये अमेरिकेत घेतले. गाडीचे वजन आणि वळणावरचा आडवा जोर, दोन्ही ते पेलते. बऱ्याच जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकात आत मोठे आणि बाहेर छोटे अशी दोन बेरिंगे असतात. हल्लीच्या गाड्यांत सीलबंद बेरिंग येते, खराब झाले की अख्खे बदलायचे. जुन्या गाडीत मात्र ते उघडून, धुऊन, पुन्हा भरायचे असते. साधारण २० ते ३० हजार किलोमीटरनंतर, किंवा गाडी फारशी चालत नसेल तर दोन वर्षांनी. आणि हबपर्यंत पाण्यातून गाडी गेली असेल, तर लगेच. पाणी शिरले की ग्रीसचा चिखल होतो आणि उभ्या गाडीतही गंज सुरू होतो.

आता कृती. सपाट जागा हवी. मागच्या चाकांना विटा लावा, चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. जॅकने उचलल्यावर गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-डोके घालू नये. चाक काढण्याआधी ते वर-खाली धरून हलवून बघा. खुळखुळले तर बेरिंगला प्ले आला आहे.

टोपी, स्प्लिट पिन, नट, वॉशर या क्रमाने काढा. काही जुन्या गाड्यांत एका बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी बघून घ्या. ब्रेकची धूळ फुंकू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि मुलांना तेवढा वेळ दूर ठेवा.

बेरिंग रॉकेलमध्ये ब्रशने धुऊन पूर्ण वाळवा. हवेच्या पाइपने गरगर फिरवून वाळवण्याची सवय काही गॅरेजमध्ये दिसते, ती धोक्याची आहे. त्या वेगाने कोरडे बेरिंग फुटू शकते. रोलरवर निळे डाग, खड्डे किंवा जाळीला तडा दिसला तर बेरिंग बदला आणि हबमधला कपही त्याच्याबरोबर बदला. जुन्या कपात नवा कोन बसवला तर तो लवकर जातो.

ग्रीस चाकाच्या बेरिंगचेच घ्या. लिथियमचे, एनएलजीआय २ क्रमांकाचे, घट्ट श्रीखंडाइतके दाट. दोन जातींची ग्रीसे मिसळू नका, काही वेळा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचे. वरच्या बाजूने ग्रीस डोकावले की पुढचा भाग. अशी पूर्ण फेरी. टोपी भरून हे काम कधीच होत नाही. हबही ठासून भरू नये, ग्रीस तापून ब्रेकवर उतरते. ऑइल सील दर वेळी नवे घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग विचारले तर अजून मिळून जातात.

शेवटी चाक फिरवत नट आवळायचा, मग थोडा मागे घ्यायचा. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. स्प्लिट पिन नवीच. वीसेक किलोमीटर चालवून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर परत उघडा.

पद्मिनी कुर्ल्याचीच लेक. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या इथल्या कारखान्यात ती घडली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. आमची अजून आहे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ नंबर मिळतो. पण मग ती रोजच्या वापरात चालवता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. म्हणून आम्ही नेहमीचीच नोंदणी नूतन करत आलो आहोत. गाडी गावी जाते तोवर ती गाडी, असे अब्बा म्हणतात.

अब्बांचे गुडघे आता वाकत नाहीत. पावसाळा संपला की ते खुर्ची टाकून बसतात आणि नात तळहातावर ग्रीस घेऊन बेरिंग भरते. झाल्यावर ते बेरिंग डोळ्याजवळ धरून बघतात आणि हमखास म्हणतात, “बेटा, अजून एक फेरी.” ती कुरकुरत भरते. टोपी सर्वांत शेवटी लागते.