पत्र्याखाली दुसरा पत्रा : गोठ्याला आतून छत लावण्यापूर्वी

मार्च संपत आला की पत्र्याच्या गोठ्याबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'वरचा पत्रा फार तापतो, खालून दुसरा पत्रा मारून सीलिंग करून घेतले तर गाईंना गारवा मिळेल का?' मिळू शकतो. मात्र ते छत कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या बाजूने हवा मोकळी ठेवून लावले, यावर सगळे अवलंबून आहे. चुकीचे लावले तर खर्च होतो, वर गाईंचा त्रासही वाढतो.

संगमनेर तालुक्यातील एका दूध उत्पादकाच्या गोठ्यावर हे जवळून पाहायला मिळाले. तीस बाय चाळीस फुटांचा, लोखंडी खांबांवर उभा, चारही बाजूंनी उघडा गोठा आणि त्यात संकरित एचएफ गाई. त्यांनी फॅब्रिकेटरकडून कैच्यांच्या खालच्या पाइपला रंगीत पत्र्याचे सपाट छत मारून घेतले. जमिनीपासून उंची जेमतेम नऊ फूट. काम दिसायला सुरेख होते. पण एप्रिलमध्ये दुपारी गाई तोंड उघडून धापा टाकू लागल्या, दूध घटले. आढ्याजवळून पूर्वी जी गरम हवा निघून जायची, तिची वाटच या छताने बंद केली होती. गाईंच्या अंगाची वाफ, शेणमुताचा वास आणि उष्णता नऊ फुटांखाली कोंडून राहिली. शेवटी मधला पट्टा काढावा लागला.

अशा छतांची कल्पना बऱ्याचदा मोबाइलवरच्या व्हिडिओंतून येते. अमेरिकेत लाकडी खांब जमिनीत गाडून उभारलेल्या शेडला पोल बार्न म्हणतात. तिथे कैचीच्या खालच्या बाजूला पत्र्याचे छत मारतात, त्यावर काचलोकर किंवा कागदी लगद्याचा जाड थर टाकतात. ती शेड चहूबाजूंनी बंद असते आणि बहुधा यंत्रे, वर्कशॉप यासाठी असते. हिवाळ्यात आतली ऊब बाहेर जाऊ नये हा तिथला हेतू. आपल्याला गोठ्यात नेमके उलटे हवे असते. आतली उष्णता आणि वाफ बाहेर गेली पाहिजे.

पत्र्याखाली गाय का तापते

एप्रिल-मे महिन्यात दुपारी पत्रा सहज ६० अंश सेल्सिअसच्या वर जातो. गोठा उघडा असेल, वारा वाहत असेल, तर आतल्या हवेचे तापमान बाहेरच्यापेक्षा फारसे वेगळे नसते. तरीही गाय तापते, कारण तापलेला पत्रा चुलीतल्या निखाऱ्यासारखा खालच्या दिशेने उष्णता फेकतो. गंजलेला किंवा रंगवलेला पत्रा ही उष्णता अधिक फेकतो. गाईची कातडी ३५ अंश धरली, तर ४० अंशांच्या पत्र्याकडून तिच्याकडे येणाऱ्या उष्णतेपेक्षा ६० अंशांच्या पत्र्याकडून येणारी उष्णता पाचपटीहून अधिक भरते. म्हणून पत्र्याचे तापमान थोडे जरी उतरवले तरी गाईला फरक जाणवतो.

गोठ्यात खरोखर त्रास आहे का, हे आधी मोजावे. दुपारी दोन-तीनच्या सुमारास उभ्या गाईच्या कुशीची हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करावी. मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास म्हणजे उष्णतेचा ताण, ८० च्या वर म्हणजे ताण गंभीर. विस्तार कार्यकर्त्यांनी तापमान-आर्द्रता निर्देशांकही काढावा. दुभत्या संकरित गाईंसाठी ७२ च्या वर ताण सुरू झाला असे धरतात. ३० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असली तरी हा निर्देशांक ७८ च्या आसपास जातो. म्हणजे आपल्याकडे फक्त मे महिन्यातच नव्हे, पावसाळ्यानंतरच्या ऑक्टोबरमध्येही गाई ताणाखाली असतात. ऑक्टोबरकडे आपले लक्ष कमी जाते, एवढेच.

छताच्या आधी दोन स्वस्त कामे

पहिले, पत्रा बाहेरून पांढरा करणे. गंजलेला काळपट पत्रा ऊन शोषतो, पांढरा परतवतो. चुन्यात डिंक किंवा फेविकॉलसारखा चिकट पदार्थ मिसळून दिलेला हातही एक उन्हाळा निभावतो. छतासाठीचा पांढरा रंग जास्त टिकतो. धूळ बसली की परिणाम कमी होतो, तेव्हा वर्षाला एकदा धुवावे किंवा नवा हात द्यावा.

दुसरे, आढे उघडणे. गोठ्याच्या रुंदीच्या दर १० फुटांमागे आढ्याला २ इंच सलग फट, हा सोपा हिशोब. ३० फूट रुंद गोठ्याला ६ इंच. त्यावर उंचावून बसवलेली टोपी ठेवली तर पाऊस फारसा आत येत नाही, आलाच तर मधल्या गल्लीत पडतो. बरेच जण कोना दाबून बसवतात आणि गोठा 'पक्का' झाला म्हणतात. गोठ्याच्या बाबतीत हा पक्केपणा महागात पडतो.

ही दोन्ही कामे करून एक उन्हाळा पाहावा. बऱ्याच गोठ्यांत छताची गरज त्यानंतर उरत नाही. वळचणीची उंची १० फुटांपेक्षा कमी असलेल्या गोठ्यात तर आतून छताचा विचारच करू नये.

लावायचेच असेल तर पाख्याला समांतर

उघड्या गोठ्यात सपाट छत नको. वरच्या पत्र्याला समांतर, उतरते, दोन्ही पाख्यांना वेगवेगळे छत लावावे आणि दोन पत्र्यांमध्ये ४ ते ६ इंच अंतर ठेवावे. वरचा पत्रा तापला की मधली हवा तापते, हलकी होऊन उतारावरून वर सरकते आणि आढ्याच्या फटीतून बाहेर पडते. तिच्या जागी वळचणीतून ताजी हवा येते. खालचा पत्रा तुलनेने थंड राहतो आणि गाईला तोच दिसतो. वळचणीचे तोंड आणि आढ्याकडचे तोंड, दोन्ही उघडी राहिली तरच हे घडते. खालचा पत्रा आढ्यापासून दोन्ही बाजूंना किमान ६-६ इंच आधीच थांबवावा, म्हणजे गाईंच्या अंगची वाफही त्याच फटीतून जाते. वळचणीच्या तोंडाला चिमण्या-उंदरांसाठी जाळी लावावी, पण पत्र्याने बंद करू नये.

इथे फॅब्रिकेटर एक चूक नेहमी करतात. खालचा पत्रा थेट पर्लिनच्या, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पाइपांच्या, खालच्या बाजूला ठोकतात. पर्लिन उताराला आडव्या असल्याने दर तीन-चार फुटांवर हवेला बांध लागतो. अंतर दिसते, पण हवा चालत नाही. त्यासाठी पर्लिनखाली आधी उताराच्या दिशेने २ इंची पाइप ४ फुटांवर वेल्ड करावेत. त्यांच्याखाली १ इंची आडवे पाइप २ फुटांवर आणि त्यांना पत्रा. असे केल्यावर पर्लिनच्या खालून २ इंचांची सलग वाट मोकळी राहते. पाइप थोडे जास्त लागतात, पण याच वाटेसाठी तर सगळा खर्च करतो आहोत.

दुसरी गोष्ट पाण्याची. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पत्र्याला घाम फुटतो, हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतो. दुभती गाय श्वास आणि घामावाटे दिवसाला दहा लिटरहून जास्त पाणी हवेत सोडते, त्यातले काही थंड पत्र्यावर साचून ठिबकते. दुसरे छत लावले की वरच्या पत्र्याचे थेंब खालच्या पत्र्यावर पडणार. ते वळचणीकडे वाहून गेले पाहिजेत. म्हणून खालच्या छतातही वरच्या अंगाचा पत्रा खालच्या अंगाच्या पत्र्यावर चढलेला हवा. काम खालून करायचे असल्याने बसवण्याचा क्रम मात्र उलटा होतो. छप्पर घालताना वळचणीकडून सुरुवात करतात, इथे आढ्याकडून करावी आणि पुढचा पत्रा आधीच्या पत्र्याखाली सरकवावा. पत्र्याचे खालचे टोक गव्हाणीच्या बाहेर न्यावे. ठिबकणारे पाणी चाऱ्यात पडले की कडबा, पशुखाद्य यांना बुरशी लागते.

वजन आणि वारा

खालच्या छतासाठी ०.४० मिमी जाडीचा रंगीत किंवा जस्तलेपित पत्रा पुरतो. तो चौरस मीटरला साडेतीन-चार किलो भरतो आणि वर सांगितलेले पाइप धरून वजन ७ ते ८ किलोवर जाते. तीस बाय चाळीस फुटांचा गोठा म्हणजे सुमारे ११२ चौरस मीटर. एवढ्या छताचे वजन ८०० ते ९०० किलो होते. हा भार कैच्यांवर येणार. जुन्या गोठ्यांच्या कैच्या एकेरी पत्र्याचे वजन धरून, पुष्कळदा अंदाजाने बनवलेल्या असतात. सांध्यांची वेल्डिंग, खांबांच्या पायाशी गंज, मध्ये झोळ पडलेली पर्लिन, हे सगळे जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. कैचीला काही टांगायचेच झाले तर सांध्याजवळ टांगावे. दोन सांध्यांच्या मध्ये लटकवलेले वजन पाइप वाकवते.

वजन वाढले म्हणजे वादळात छप्पर उडणार नाही, असाही एक समज आहे. भारतीय मानकानुसार पुणे-नाशिक पट्ट्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. तेवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो होतो. यापुढे छताच्या ७-८ किलोंचे काय चालणार? उघड्या गोठ्यात तर वारा खालून छत उचलतो आणि वरून ओढतो. कोपरे आणि वळचण सर्वांत आधी सुटतात. तिथे स्क्रू जवळजवळ लावावेत.

आणि हे सगळे खालचे छत लावण्याआधी करावे. दुसरा पत्रा बसला की वरच्या पत्र्याची खालची बाजू पुन्हा हाताला लागत नाही. सैल हूक बोल्ट, फाटलेली वॉशर, मूत्रनालीच्या वर अमोनियाने गंजलेला पत्रा आत्ताच बदलावा. पाइपांना गंजरोधक प्रायमर आणि रंगाचा हातही आत्ताच. वळिवाचा पाऊस येण्याआधी, शक्यतो जानेवारी-फेब्रुवारीत हे काम उरकावे. एप्रिलमध्ये अर्धे उघडे छप्पर आणि दुपारचे वादळ अशी गाठ पडू देऊ नये.

बसवताना

पत्रा कापायला ग्राइंडर वापरू नये. ठिणग्यांनी कडेचा जस्ताचा थर जळतो आणि उडालेला लोखंडी कीस जिथे बसेल तिथे गंजाचे ठिपके उठतात. पत्र्याची कात्री किंवा निबलर वापरावा. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू रबरी वॉशरसह घ्यावेत. छतावर स्क्रू पन्हाळीच्या उंचवट्यावर मारण्याची पद्धत आहे. आतल्या छतात पावसाचा प्रश्न नसल्याने, पाइपला टेकलेल्या सपाट भागातच मारावेत, पकड चांगली मिळते. वॉशर किंचित दबेल इतकेच आवळावे, ती बाहेर फुगली तर जास्त झाले. ६ मीटरचा पत्रा दिवस-रात्रीच्या ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मिमी लांबतो-आखडतो. अती आवळलेल्या स्क्रूची भोके यानेच मोठी होतात.

विजेच्या तारा दोन पत्र्यांच्या मधून नेऊ नयेत. उंदीर तारांचे आवरण कुरतडतात आणि मग सगळे छत, खांब, गव्हाणीचे पाइप यांत करंट उतरतो. गाईला आपल्यापेक्षा फार कमी व्होल्टेजही जाणवते. गाय पाण्याच्या टाकीशी बिचकत असेल, धार काढताना अकारण लाथा झाडत असेल, तर हे तपासावे. तारा पाइपातून, छताच्या खालून दिसतील अशा न्याव्यात. छताला अर्थिंग जोडावे आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी.

सपाट छत कुठे चालते

दूध काढण्याची किंवा साठवण्याची बंद खोली, पशुखाद्याचे गोदाम, औषधांची खोली इथे सपाट छत चांगले. जाळी-धूळ खाली पडत नाही, पांढरा पत्रा पुसता येतो, उजेडही वाढतो. छतावरच्या पोकळीला दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळीच्या खिडक्या समोरासमोर ठेवाव्यात, नाहीतर तिथे पहाटेचा घाम साचून पत्रा वरून गंजतो आणि ते महिनोन्महिने कुणाला कळत नाही. चढून पाहता येईल असे दोन बाय दोन फुटांचे झाकणही एका कोपऱ्यात ठेवावे. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, बॅटरी घेऊन डोके आत घालावे. ओल, उंदरांच्या लेंड्या, सैल स्क्रू तिथेच दिसतात.