योहान ५:४४ मधील 'डॉक्सा' : मान की गौरव?

योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू यरुशलेममधील आपल्या विरोधकांना एक प्रश्न विचारतो. जे एकमेकांकडून मोठेपणा स्वीकारतात, परंतु एकमेव देवाकडून लाभणाऱ्या मोठेपणाचा शोध घेत नाहीत, त्यांना विश्वास ठेवणे शक्य तरी कसे व्हावे, असा त्याचा आशय आहे (५:४४). येथे 'मोठेपणा' या अर्थी दोन्ही ठिकाणी 'डॉक्सा' हा एकच ग्रीक शब्द आला आहे. त्याला कोणता प्रतिशब्द योजावा, यावर वचनाचा सारा रोख अवलंबून आहे.

'डॉक्सा' हे नाम 'डोकेइन' (वाटणे, भासणे) या क्रियापदाशी संबद्ध आहे. साहजिकच अभिजात ग्रीकमध्ये त्याचा एक प्रमुख अर्थ 'मत' असा होतो. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या पाचव्या भागात 'डॉक्सा' आणि 'एपिस्टेमे' म्हणजे ज्ञान यांत भेद केला, तो याच अर्थाने. लोकांचे एखाद्याविषयीचे चांगले मत म्हणजे त्याचा लौकिक. कीर्तीचा अर्थ असा विकसित झाला.

पुढे इ. स. पूर्व तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. 'सेप्टुअजिंट' या नावाने ते ओळखले जाते. त्यात 'काबोद' या हिब्रू शब्दासाठी प्रामुख्याने 'डॉक्सा' योजण्यात आला. 'काबोद'च्या धातूचा अर्थ 'जड असणे'. निवासमंडप परमेश्वराच्या 'काबोद'ने भरून गेला (निर्गम ४०:३४), तेथे कोणाच्या मताचा प्रश्नच नाही. तेथे साक्षात उपस्थितीचे तेज आहे. मताच्या शब्दावर असे वजनाचे ओझे आले, आणि योहानाच्या हाती तो आला तेव्हा दोन्ही अर्थ त्यात नांदत होते.

मराठीत या दोन अर्थांसाठी दोन स्वतंत्र शब्द आहेत. 'मान' हा 'मन्' (समजणे, मानणे) या धातूपासून आला असल्याने ग्रीक व्युत्पत्तीच्या जवळ जातो. 'गौरव' हा 'गुरु' म्हणजे जड यापासून आल्याने हिब्रूच्या. म्हणून माणसांकडून मिळणारा तो 'मान' आणि देवाकडचा तो 'गौरव' अशी वाटणी करण्याचा मोह अनुवादकाला होऊ शकतो. तो टाळलेला बरा. वस्तू एकच असून ती कोठून घ्यावी हा वाद आहे. शब्द बदलताच वाद नाहीसा होतो. दोन्ही ठिकाणी 'गौरव' ठेवणे अधिक योग्य ठरते. गौरवग्रंथ व गौरव समारंभ यांच्या सरावामुळे त्या शब्दाला मानवी बाजू मराठीने पुरेशी दिलेलीच आहे.

इ. स. १६११ च्या इंग्रजी अनुवादाने येथे एकच शब्द राखला खरा, पण तो सन्मानवाचक 'ऑनर' हा होय. याच अध्यायातील ५:२३ मध्येही त्याने तोच शब्द वापरला आहे; तेथे मुळात 'तिमाओ' हे वेगळे क्रियापद आहे. 'तिमे' म्हणजे किंमत, तसाच मानही. तो शब्दसमूह हाताशी असताना योहानाने ५:४४ साठी 'डॉक्सा' घेतला, हे त्या अनुवादात दिसत नाही.

क्रियापदांतही फरक आहे. माणसांकडील डॉक्सा ते 'घेत' असतात (लाम्बानोन्तेस, वर्तमान कृदन्त), देवाकडील 'शोधत' नाहीत (झेतेइते). पहिली आपसांत सहज फिरते. तिचे बळ किती, हे बाराव्या अध्यायात दिसते. अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांनी विश्वास ठेवला, पण सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने तो उघड केला नाही. त्याचे कारण सांगताना योहानाने पुन्हा 'डॉक्सा' हाच शब्द दोनदा वापरला आहे (१२:४२-४३).