एअरगन, चिमणी आणि एक चिठ्ठी

मुलाला वाढदिवसाला दुर्बीण दिली, सूक्ष्मदर्शक दिला, रोबोटिक्सचा संच दिला. दोन आठवड्यांत तो माळ्यावर गेला. ही तक्रार बहुतेक घरांत ऐकू येते. अशा पालकांनी सलीम अली यांच्या लहानपणीची एअरगन आठवावी.

जन्म 1896 चा, मुंबईतला. आईवडील लवकर गेल्याने सलीम खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढला. मामा शिकारीचे शौकीन. दहाएक वर्षांच्या भाच्याला त्यांनी खेळण्यातली एअरगन दिली. (आज कोणी देणार नाही, देऊही नये.) मुलाचे स्वप्नही त्या बंदुकीला साजेसे होते, मोठा शिकारी व्हायचे! पक्षिशास्त्रज्ञ नावाचा काही पेशा असतो, हे त्याच्या गावीही नव्हते.

एके दिवशी टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग ती खाणे धर्माला चालेल का, अशी शंका घेऊन मुलगा मामांकडे गेला. मामांनाही तो पक्षी ओळखता आला नाही. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. मला तर बंदुकीपेक्षा ही चिठ्ठीच मोठी भेट वाटते. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पीतकंठी चिमणी ओळखली आणि बुजलेल्या मुलाला कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. पुढे पुस्तके वाचायला दिली, पक्ष्याचे कातडे सोलून नमुना कसा जपायचा ते शिकण्याची सोय केली.

सुझान हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर या अभ्यासकांनी 2006 मध्ये आवड कशी रुजते याचे चार टप्पे मांडले. पहिली ठिणगी बाहेरून पडते. एखादी वस्तू, एखादा प्रसंग. ती टिकायला सुरुवातीला माणसांचा आधार लागतो. नंतर मूल स्वतःच प्रश्न विचारू लागते आणि शेवटी आवड त्याची स्वतःची होते. आधार सुटला तर आवड कुठल्याही टप्प्यावर विझू शकते. माळ्यावरच्या सूक्ष्मदर्शकाचे बहुधा हेच झालेले असते.

सलीमच्या वहीत तिसरा टप्पा स्पष्ट दिसतो. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर पहाऱ्याला. सलीमने नर टिपला, की मादीपाशी थोड्याच वेळात दुसरा हजर. सात दिवसांत असे आठ नर गेले. शिकारीची बढाई म्हणून त्याने हे टिपून ठेवले खरे. पण जोडीदार नसलेले नर आसपास जागा रिकामी होण्याची वाट पाहत असतात, हे पक्षिशास्त्रात महत्त्वाचे ठरलेले निरीक्षण त्या नोंदीत आपसूक उतरले होते.

इथून वाट सरळ मात्र गेली नाही. घरच्या खाण-लाकडाच्या व्यवसायासाठी ब्रह्मदेश, मग मुंबईत व्यापारविषयक शिक्षण, फादर ब्लाटर यांच्या आग्रहाने सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. 1926 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकून आले, तर पैशांअभावी ते पदच रद्द झालेले. वय तिशी ओलांडलेले, हाती काम नाही. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर त्यांनी ती पाहिली: नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर आत राहते, मग नर ते पुरे करून दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या मादीसाठी, हात घालतो. 1931 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास छापून आला आणि सलीम अलींचे नाव झाले.

1985 मध्ये आलेल्या आत्मचरित्राच्या शीर्षकातही त्यांनी ती चिमणीच ठेवली.