गाडीभर वारा

मार्च सरला की लातूर-नांदेड रस्त्यावर बोअरच्या गाड्या दिसू लागतात. येतात त्या जोडीनं. एकीच्या पाठीवर कॅबिनच्याही पुढे डोकावणारा आडवा लोखंडी मनोरा, दुसरीवर वीस-वीस फुटी रॉडांची चळत, डिझेल आणि कामगारांच्या वळकट्या. नंबरप्लेट पुष्कळदा तमिळनाडूची. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोड हे या धंद्याचं माहेरघर. तिथं साध्या ट्रकच्या सांगाड्यावर ही यंत्रं चढवली जातात आणि देशभर पाठवली जातात. उन्हाळ्यात पाण्याची निकड असते हे खरंच, पण शिवारही तेव्हाच मोकळं असतं आणि काळी माती वाळून टणक झालेली असते. मृगाचा पाऊस पडला की त्याच मातीत ही अवजड गाडी रुतून बसते.

बघे मनोऱ्याकडे बघतात. खरी करामत मात्र कॉम्प्रेसरच्या पेटीत आहे. आत एकमेकांत गुंतलेले दोन मोठे स्क्रू फिरतात. त्यांच्या खाचांत सापडलेली हवा पुढे सरकत दाबली जाते. दाबताना ती भयंकर तापते, म्हणून स्क्रूंवर सतत तेल सोडतात आणि नंतर ते हवेतून वेगळं काढून परत फिरवतात. या गाड्यांवर नेहमी दिसणारा आकडा म्हणजे ११०० सीएफएम आणि ३०० पीएसआय. दहा बाय दहाची, अकरा फूट उंच खोली घ्या. तेवढी हवा हे यंत्र दर मिनिटाला गिळतं आणि वातावरणाच्या वीसपट दाबानं पुढे ढकलतं. ट्रकच्या टायरमधला दाब याच्या निम्म्यानंही नसतो. एवढ्यासाठी ४०० अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन लागतं. म्हणजे गाडी हलवायला लागते त्याहून जास्त ताकद ती जागेवर उभी असताना खर्च होते!

शेतात पोचल्यावर हायड्रॉलिक जॅक गाडीला उचलून धरतात, मनोरा उभा राहतो, आणि रॉडच्या टोकाला हॅमर लागतो. हॅमर म्हणजे पोलादी नळकांडं, त्यात वरखाली धावणारा दट्ट्या. पोकळ रॉडमधून उतरलेली हवा त्याला मिनिटाला हजाराच्या वर वेळा बिटवर आपटते. बिटच्या तोंडावर टंगस्टन कार्बाइडची बटणं असतात. रॉड फिरतो, पण अगदी सावकाश. पुढचा घाव ताज्या खडकावर बसावा एवढ्यापुरताच. खडक फिरण्यानं कापला जात नाही, ठोक्यांनी फुटतो.

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट अशी की हा घण तळाशी बसलेला आहे. वरून ठोके दिले असते, तर रॉडच्या प्रत्येक जोडावर थोडा जोर वाया गेला असता आणि पाचशे फुटांवर थाप उरली असती. इथं आठशे फुटांवरही घाव थेट बिटवर पडतो. १९५०च्या दशकात पुढे आलेली ही कल्पना मराठवाड्यात लवकर पोचली. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचे जॉन मॅक्लाउड यांनी १९६०च्या दशकात जालन्यात अशा बोअर घ्यायला सुरुवात केली. त्यांवर बसवायला टिकाऊ हातपंप मिळेना, म्हणून त्यांनी ‘जालना पंप’ही घडवला. पुढच्या इंडिया मार्क टू हापशाच्या वंशावळीत त्याचं नाव आहे.

ठोका दिलेली हवा बिटच्या छिद्रांतून सुटते आणि रॉडभोवतीच्या फटीतून भुकटी घेऊन वर उसळते. या भुकटीत जमिनीची गोष्ट असते. लातूरकडे आधी मुरूम, मग काळ्या पाषाणाची राखाडी धूळ, मधेच लालभडक माती. तो लाल थर म्हणजे लाव्हाच्या दोन प्रवाहांमधली सीमा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असे प्रवाह एकावर एक साचत गेले. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटरचं छिद्र घेतलं, तेव्हा काळा खडक ३३८ मीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइट-नाइसचा जुना पाया लागला. तिथं हजार फुटांची बोअरही काळ्या खडकातच राहते. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे जा, तो ग्रॅनाइट थेट उघड्यावर येतो आणि धुळीचा रंगच पालटतो.

मग धूळ ओली होते. लोक ओरडतात, ‘पाणी लागलं!’ हवेच्या अडचणी मात्र इथूनच वाढतात. दर दहा मीटर पाणी हवेवर एका वातावरणाचा दाब टाकतं. छिद्रात शंभर मीटर पाणी साचलं की हवेचा निम्मा दाब केवळ त्याला रेटण्यात जातो आणि हॅमरच्या वाट्याला उरलेलाच येतो. घाव दूरवर नेण्याचा प्रश्न सुटला. खाली भेटणाऱ्या पाण्याचं वजन काही चुकत नाही. खोल जायचं तर दाब वाढवा, दाब वाढवायचा तर मोठं इंजिन, मोठी गाडी.

आणि खोल जायचा मोह आवरत नाही. २००९च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानं शेती-उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींना मनाई केली. लातूर भागात मात्र हजार फुटांची बोलणी सर्रास चालतात. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ती याच लातुरात.

बोअरमधून उडालेला फवारा बघून पेढे वाटले जातात, तेव्हा मला एक खोडसाळ शंका येते. तो फवारा कोणाचा? त्याची उंची कॉम्प्रेसरची असते. भेगांत साठलेलं पाणी हवा एका दमात उधळते. ते पुन्हा किती वेगानं भरून येईल, हे फवारा सांगत नाही. त्यासाठी गाडी गेल्यावर मोटर सोडून काही तास पाणी उपसावं लागतं, दोरी सोडून पातळी किती उतरली ते मोजावं लागतं, आणि मोटर बंद करून ती वर चढायची वाट बघावी लागते.