स्पर्शभिंगांचा वापर व त्यांची निगा

चष्म्याऐवजी डोळ्यांत भिंगे घालण्याची रीत आता शहरांपुरती राहिलेली नाही. खेडोपाडींच्या शाळांतून काम करणाऱ्या तरुण शिक्षक-शिक्षिकांत ती रूढ होत चालली असून वरच्या वर्गांतील मुलामुलींकडेही क्वचित आढळते. इंग्रजीत यांस कॉन्टॅक्ट लेन्स म्हणतात. मराठीत स्पर्शभिंग हे सुटसुटीत नाव आहे. भिंगांबरोबर मिळणाऱ्या कागदावर पुष्कळ सूचना छापलेल्या असतात. परंतु शाळेच्या आवारातील हापसा, खडूची धूळ व विहिरीचे पाणी ज्यांच्या नित्य परिचयाचे आहे, त्यांस त्या सूचनांमागील कारण समजावून सांगितल्यावाचून त्यांचे महत्त्व पटत नाही. यास्तव हे थोडे विवेचन.

बुबुळावर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्यास स्वच्छमंडल म्हणतात. या पडद्यात रक्तवाहिन्या नाहीत. त्या असत्या तर त्यातून नीट दिसलेच नसते. सबब त्यास लागणारा प्राणवायू मुख्यत्वे बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो. स्पर्शभिंग याच थरावर तरंगत असते. १८८७-८८ च्या सुमारास आडोल्फ फिक या जर्मन वैद्याने तयार केलेली भिंगे काचेची व जड होती आणि ती फार वेळ सहन होत नसत. पुढे १९६१ च्या नाताळात प्राग येथील ओटो विख्टर्ले या रसायनशास्त्रज्ञाने मुलाच्या खेळण्यातील सुटे भाग जोडून घरीच एक यंत्र तयार केले व त्यावर मऊ भिंगे पाडून दाखविली. आज बहुतेक लोक वापरतात ती ही मऊ भिंगे होत. पाणी शोषून घेणाऱ्या द्रव्याची असल्यामुळे ती डोळ्यास टोचत नाहीत. मात्र शोषून घेण्याचा हा गुणच त्यांचा दोषही आहे.

समजा, दुपारच्या सुट्टीत डोळ्यांत काही गेले म्हणून एखाद्या गुरुजींनी भिंग काढले, हापशाच्या धारेखाली धरले आणि पुन्हा डोळ्यांत घातले. पाणी दिसावयास निर्मळ, सारा गाव तेच पितो. मग भिंगास ते का चालू नये? कारण असे की पोटात गेलेल्या पाण्यातील पुष्कळ जंतूंचा समाचार जठररस घेतो; स्वच्छमंडलापाशी तशी व्यवस्था नाही. विहिरीच्या, नदीच्या आणि नळाच्याही पाण्यात अकँथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असू शकतो. प्रतिकूल परिस्थितीत तो स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करतो. ग्रामपंचायत विहिरीत जी टी.सी.एल. पावडर टाकते, तिच्या नेहमीच्या प्रमाणास हे कवच दाद देत नाही. भिंगास चिकटून तो डोळ्यात गेला आणि पडद्यावर एखादा बारीकसा ओरखडा असला, तर तेथे तो ठाण मांडतो. वेदना असह्य होतात, औषधोपचार महिनोन्‌महिने चालतो आणि कित्येकांच्या डोळ्यांत कायमचे फूल पडते. हा रोग नित्य घडणारा नव्हे. पण पाश्चात्त्य देशांत ज्यांस होतो त्यांतील बहुतेकजण भिंगे वापरणारे असतात. घरी मीठ घालून पाणी करावे, असा विचार कोणाच्या मनात येईल. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात तसे करणाऱ्यांतच या रोगाचे बरेच रुग्ण आढळले. तेव्हा भिंगास व त्याच्या डबीस कोणत्याही पाण्याचा स्पर्श होऊ देऊ नये. उकळलेले पाणीही यास अपवाद नाही. जिभेवर ठेवून भिंग ओले करण्याची खोड तर याहूनही वाईट.

धुण्याचे काम भिंगांसाठी मिळणाऱ्या जंतुनाशक द्रावणानेच करावे. नुसते सलाइन जंतू मारीत नाही, हे खरेदीच्या वेळी लक्षात असावे. प्रथम हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. खडूचा चुरा नखांत व बोटांच्या पेरांत बसतो, तो फडक्याने पुसून निघत नाही. मिरची हाताळली असेल तर साबणही एकदा पुरत नाही. भिंग तळहातावर घेऊन द्रावणाचे थेंब टाकून बोटाने हलके चोळावे व पुन्हा द्रावणानेच खळखळून घ्यावे. डबीतील कालचे द्रावण ओतून द्यावे; त्यातच नवे मिसळून काटकसर करणारे पुष्कळ आहेत, परंतु शिळ्या द्रावणात जंतू मारण्याचे बळ उरत नाही. रिकामी डबी द्रावणाने विसळून स्वच्छ कागदावर पालथी वाळवावी आणि दर तीन महिन्यांनी नवी घ्यावी. ज्यांस हा व्याप जमणार नाही, त्यांनी एक दिवस वापरून टाकून द्यावयाची भिंगे घ्यावीत. ती महाग पडतात, पण आमच्या मते खेड्यात तीच बरी.

झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने प्राणवायूचा पुरवठा आधीच कमी होतो. त्यात भिंग असेल तर पडदा अधिकच गुदमरतो. भिंगे घालून झोपणाऱ्यांत जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो, असे दिसून आले आहे. दुपारची डुलकीही यात आलीच. विहिरीत पोहताना, स्नानाच्या वेळी व रंगपंचमीस भिंगे काढून ठेवावीत. मोटारसायकलीवरून जाताना साधा गॉगल असावा. स्नेहसंमेलनात नाटकासाठी रंगीत भिंगे आणून ती या मुलीच्या डोळ्यांतून त्या मुलीच्या डोळ्यांत घालण्याचा प्रकार शिक्षकांनी कटाक्षाने थांबवावा. नंबर नसलेली भिंगेसुद्धा प्रत्येकाच्या डोळ्याच्या मापाने, तज्ज्ञाकडूनच घ्यावी लागतात.

डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, पाणी गळणे किंवा अंधुक दिसणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी भिंग तत्काळ काढावे व पुन्हा घालू नये. डोळे आले असतील असे समजून दुकानातून थेंब आणून घालणे अत्यंत घातक आहे. त्यांतील काही औषधांत स्टेरॉइड असते. त्याने लाली ओसरते, दुखणे दबते, आणि आतला संसर्ग मात्र पसरत राहतो. त्याच दिवशी तालुक्याच्या अथवा जिल्ह्याच्या नेत्रवैद्याकडे जावे. आपण भिंगे वापरतो हे आपण होऊन सांगावे. काढलेले भिंग फेकून न देता डबीसह बरोबर न्यावे, कारण कोणता जंतू आहे हे त्यावरूनही तपासता येते. आणि जुना चष्मा, नंबर बरोबर असलेला, नेहमी शाळेच्या पिशवीत असावा. तो जवळ नसला म्हणजेच दुखऱ्या डोळ्यात भिंग तसेच ठेवून पाचवा तास घेतला जातो.